कवितेखालचं 'व्हेरी गुड'

लोहा गावातल्या आमच्या शाळेतले शिपाईमामा घंटा कधी सेकंदानंही चुकवत नसत. मी तिथं इंग्रजी शिकवायचो. नववीसाठी मी ब्लॉग काढला आणि पोरं त्यावर इंग्रजीचा गृहपाठ, कविता टाकू लागली. मामांना इंग्रजी येत नाही. मधल्या सुट्टीत ते एकेकाला धरायचे, "काय लिवलं बे? आपल्या भाषेत सांग," आणि डोळे मिटून ऐकायचे.

आता कबूल करतो, मी त्या कविता वाचतच नव्हतो. सगळ्यांखाली 'व्हेरी गुड' टाकून मोकळा व्हायचो.

एकदा मामा हळूच म्हणाले, "सर, त्या मागच्या बाकावरल्या पोरीच्या कवितेला व्हेरी गुड दिलं तुमी. तिची म्हैस मेली हो त्यात."

मी मान खाली घातली. मामा हे कुणापाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलीची माफी मागितली. शेवटच्या तासाला तिनं नवी कविता वाचली. त्यात मेलेल्या म्हशीची वगार दावं तोडून गावभर उधळली होती. मुलगी एकेक ओळ वाचून दारात उभ्या मामांसाठी मराठीत सांगत होती. वर्ग हसून लोळत होता. शाळा सुटायची वेळ टळून गेली.

"मामा, घंटा!" मी म्हणालो.

मामा दारातून हलले नाहीत. "थांबा की सर, वगार अजून दावणीला आली न्हाई."