थाळी थांबली की

आज वर्गात पहिल्यांदाच तो खेळ घेतला. मुलं गेल्यावर खाली पडलेला कापडी चेंडू उचलला आणि आत भरलेल्या सरकीचा तेलकट वास आला. त्या वासासरशी मी पारोळ्याच्या शाळेत, चौथीच्या वर्गात जाऊन बसले.

आमच्या बाई पाठ फिरवून चमच्याने थाळी वाजवायच्या. असाच सरकीचा चेंडू हातोहात फिरायचा. थाळी थांबली की चेंडू ज्याच्या हातात, त्याने पुस्तकातल्या मराठीत एक वाक्य बोलायचं. घरी आमची सगळी अहिराणी. थाळी वाजायला लागली की मी वाक्य मनात घोकत राहायचे.

त्या दिवशी थाळी थांबली तेव्हा चेंडू माझ्याकडे होता, घामाने ओला. पाठ केलेलं वाक्य मी पार विसरले आणि तोंडातून निघालं, "मनी माय वावरमा जायेल शे." माझी आई शेतात गेलीय, एवढंच.

आता सगळे हसणार म्हणून मी डोळे मिटले. कुणीच हसलं नाही. बाई म्हणाल्या, "बरं. दे पुढे."

तो घाम माझाच, असं इतकी वर्षं धरून चालले होते. आज मी फक्त थाळी वाजवली, चेंडूला हातही लावला नव्हता. वर्गभर फिरून आलेला तो चेंडू उचलला, तर ओलाच होता.