पाठमोरी खुर्ची

शेख सर गेल्याची बातमी मला स्पर्धा समितीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. 'भावपूर्ण श्रद्धांजली', जोडलेले हात, आणि लगेच खाली प्रश्न... 'यंदा परीक्षकांना नाश्त्याला मिसळ की इडली?' सगळे मिसळीवर तुटून पडले. सरांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही.

सर कसबा पेठेत राहायचे आणि कर्वेनगरच्या आमच्या हायस्कूलमध्ये बँड शिकवायचे. लोणावळ्याची शालेय बँड स्पर्धा तेव्हा नवीन होती, एका साध्या मैदानावर व्हायची. पहिल्या वर्षी आम्ही उतरलो तेव्हा माझ्या पायात बूट नव्हते, भावाच्या रबरी चपला होत्या. परीक्षकांची नजर तिथेच खिळली. सर सरळ त्यांच्यापुढे गेले. "साहेब, चपला वाजत नाहीत, ड्रम वाजतो. आपण जरा तिकडे तोंड करून बसा." आश्चर्य म्हणजे ते बसले! आम्ही पहिले आलो, आणि पुढे कित्येक वर्षं तिथे परीक्षकांनी पाठमोरं बसायचा रिवाजच पडला.

मग स्पर्धा एका रिसॉर्टच्या हिरवळीवर गेली. ज्यांना ड्रम आणि डबा यांतला फरक कळत नाही, अशी थोर माणसं समितीत आली. पाठमोरे परीक्षक फोटोत वाईट दिसतात, असा शोध लावून त्यांनी खुर्च्या फिरवल्या. गणवेशाला सुरांपेक्षा जास्त गुण ठेवले. पाहुणे ऑम्लेट खायचे आणि मुलं उन्हात वाजवायची. या दिव्य मंडळींनी मला परीक्षक केलं तेव्हा मी हुरळून गेलो होतो, हेही सांगून टाकतो.

सर निवृत्तीनंतरही आमच्या शाळेत बँड शिकवत होते. गेल्या वर्षी मुलांना घेऊन आले, तेव्हा फार थकलेले वाटले. माझ्या खुर्चीमागे उभं राहून हळूच म्हणाले, "तू तरी फिरव रे."

"सर, बरं दिसत नाही... पाहुणे आहेत."

ते मुलांकडे परत गेले. त्यांच्या मुलांनी सगळ्यांत सुरेख वाजवलं. शेवटच्या रांगेतल्या एका मुलीच्या पायात मात्र बूट नव्हते, सँडल होत्या. मी गणवेशाचे गुण कापले. आमची शाळा तेवढ्यानेच दुसरी आली. निघताना सरांनी मला "जेवलास का?" एवढंच विचारलं. समितीला मी हव्या तेवढ्या शिव्या घालीन, पण पेन माझ्या हातात होतं. स्वतःची किळस येते.

यंदाची स्पर्धा गेल्या रविवारी झाली. सरांसाठी दोन मिनिटं मौन ठरलं होतं. अध्यक्षांचा फोन वाजला आणि ते अर्ध्यावरच उरकलं. मग आमची शाळा मैदानात आली, पहिल्यांदाच सरांशिवाय. मी उठलो, खुर्ची उचलली आणि उलटी फिरवून बसलो. अध्यक्ष धावत आले.

"अहो, फोटोत तुमची पाठ येतेय!"

"येऊ द्या."

समोर नुसती कुंपणाची भिंत होती. मागे ड्रम सुरू झाला. कुणाचेच पाय मला दिसत नव्हते.