डब्याची खंडेनवमी

लग्नात माहेरून मी दोन गोष्टी आणल्या: कॉम्प्युटर आणि तोंड. दोन्ही सासऱ्यांना नको होत्या. तोंडाचं काही करता येईना, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर राग धरला. कसबा बावड्यातल्या घरी सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, जिथं त्यांची आरामखुर्ची असायची, तिथंच माझं टेबल लागलं आणि खुर्ची गेली दाराशी. तेव्हापासून येणारा-जाणारा त्यांच्या पायांवरून जायचा. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "दसऱ्यापत्तोर ह्या डब्यातनं एक तरी लग्नपत्रिका भाईर पडू दे. न्हायतर डबा माळ्यावर आन् माझी खुर्ची जाग्यावर."

घरबसल्या कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका तयार करून द्यायच्या, हा माझा बेत होता. गल्लीतल्या एका काकूंनी मुलीच्या लग्नाची पत्रिका दिलीही. निमंत्रकच इतके, की नवरानवरीसाठी जागा शोधावी लागली. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला येतील तेव्हा त्या पडद्यावर बघून होकार देणार होत्या. डबा माळ्यावर गेला की माझं कामही गेलं, मग मी आणि भाकरीची परात. मला त्याची खरोखर भीती वाटत होती.

मशीन फार तापायचं, म्हणून डब्याचं एका बाजूचं झाकण मी काढूनच ठेवलं होतं. उघडी बाजू भिंतीकडे, म्हणजे अब्रू झाकलेली.

खंडेनवमीला सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्तींनी, विळे, खुरपी, मोटरसायकल, ट्रॅक्टर सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मिक्सरला झेंडूचं फूल मिळालं. कॉम्प्युटर मात्र कोरडा. कुंकवाचं बोट नाही की पाकळी नाही. मिक्सरच्याही खालचा! त्या दिवशी हत्यार चालवायचं नसतं म्हणून मी तो सुरूही केला नव्हता, आणि ज्याला घरात कुणी हत्यार मानत नाही त्याच्यासाठी मी हे पाळतेय, याचा मला आणखी संताप आला.

दसऱ्याला दुपारी बटण दाबलं. पडदा काळा, आणि डब्यातून एकामागून एक लांबलचक शिट्ट्या.

"बोंबलाय लागलं बघा," सासरे दारातून म्हणाले. आवाजात आनंद मावत नव्हता.

त्यात सणाचा दिवस. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा," म्हणत आपट्याचं पान हातावर ठेवलं की प्रत्येक पावणा डब्याकडे वळायचा. एकानं व्हायरस सांगितला आणि त्यावर लिंबू उतरायला सांगितलं. दुसऱ्यानं मॉनिटर बदला म्हटलं, कारण त्याला तेवढाच दिसत होता. तिसऱ्यानं विचारायच्या आत दोन रट्टे घातले. "आमचा टीव्ही ह्याच्यावरच चालतोय की!" नवरा बटण दाबत होता, जणू आतून कुणी दार उघडणार होतं. सासऱ्यांनी शिडी आणून माळ्याला लावली.

अशा शिट्ट्या म्हणजे बहुधा रॅमचं दुखणं, एवढं मला क्लासात शिकवलं होतं. सगळ्यांना बाजूला सारून मी वायर काढली, डबा आडवा केला आणि रॅमची पट्टी उपसली. तिच्या सोनेरी दातांवर लाल डाग होते. खाचेत तांदळाचा दाणा अडकलेला. आत वाकून बघते तर अक्षताच अक्षता, आणि पंख्यात झेंडूची पाकळी.

"हे कुणी केलं?" मी ओरडले.

आत्ती पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "म्या केलं. काल तू आंगोळीला गेलतीस तवा. फुलानं पाणी शिपडलं, अक्षता वाह्यल्या."

"अहो आत्ती, पण आत कशाला? वरून लावायचं की!"

"वरनं? पेटीची पूजा करत्यात व्हय गं? हत्यार आत असतंय न्हवं?"

"त्ये कसलं हत्यार?" सासरे म्हणाले.

"माझ्या सुनंचं हाय. सगळ्यात आदी त्याचीच पूजा केलीया. तुमचा ट्रॅक्टर मागनं."

मला रडू आलं, आणि रागही तसाच होता. नाक ओढत मी अक्षता वेचल्या, पाकळी काढली, खोडरबरानं पट्टीचे दात घासले, खाच जुन्या टूथब्रशनं झाडली. बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी, आणि पडदा उजळला. संध्याकाळी काकूंनी पत्रिका पाहिली, धाकट्या दिराचं नाव राहिलं म्हणून मला झापलं आणि बाकी होकार दिला. सासरे शिडी परत ठेवून आले आणि दाराशी खुर्चीत पाय आखडून बसले.

पुढच्या खंडेनवमीला मी शहाणपणानं डब्याचं झाकण स्क्रू पिळून घट्ट बसवलं. आत्ती पूजेचं ताट घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"काड त्ये," म्हणाल्या.

मी काढलं.