येसरचा डबा

रत्नमालाताई गुलमंडीजवळच्या ‘चंद्रोदय लॉज’मध्ये पहिल्यांदा आल्या तेव्हा, मधुसूदनरावांच्या म्हणण्याप्रमाणे, जिना हादरला, चौकातल्या रिक्षा आपण होऊन बाजूला झाल्या आणि समोरच्या दुकानातले तयार ब्लाउज हँगरवर ताठ उभे राहिले. देवगिरीवर चालून गेलेल्या फौजेकडेही एवढा सरंजाम नसेल, असं ते सांगतात. प्रत्यक्षात एक नर्सबाई, एक बॅग आणि तीन लिटरचा कुकर एवढाच ऐवज पाच नंबरच्या खोलीत शिरला होता.

मधुसूदनराव चार नंबरमध्ये. लासूर स्टेशनचे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. सात वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी चार दिवस म्हणून आले. डोळा बरा झाला, माणूस राहिला.

राहण्याचं कारण म्हणजे तिथलं सामाईक स्वयंपाकघर. शिधा आपला, शेगडी लॉजची. कोर्टाच्या तारखेला, पेशंटजवळ, परीक्षेला आलेली माणसं चार-आठ दिवस रांधून खातात, आणि निघताना उरलेलं तेल, पावशेर तूरडाळ कोण परत नेणार? ते सगळं चार नंबरला जायचं. मधुसूदनराव अख्ख्या लॉजचे एकुलते एक वारस होते.

रत्नमालाताई आल्या आणि पंधराव्या दिवशी परीक्षेला आलेल्या सत्यमनं साजूक तुपाची बरणी पाच नंबरला दिली.

मधुसूदनराव तडक मॅनेजरच्या टेबलाशी गेले. “कडुबा, सीनियॉरिटी म्हणून काही असते का नाही? तूप! आणि बाई आली कधी, तर परवा!”

“साहेब, हे काय सरकारी ऑफिस हाय व्हय?” कडुबा म्हणाला. “देणाऱ्याच्या मनावर हाय ते.”

तशात अजिंठ्याच्या मनकर्णाबाई नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी येऊन राहिल्या. त्यांच्याकडे घरी डाळी-मसाले भाजून दळलेल्या येसरचा डबा होता. त्यांनी दोन चमचे येसर उकळत्या पाण्यात सोडलं की आमटीच्या वासानं तिसऱ्या मजल्यावरचा माणूस चप्पल न घालता खाली यायचा. मधुसूदनरावांनी ठरवलं, तूप गेलं तर गेलं, येसर जाऊ द्यायचं नाही.

त्यांनी बाईंचं दूध उतू जाऊ नये म्हणून शेगडीपाशी पहारा दिला. दवाखान्याचे कागद वाचून दाखवले. रत्नमालाताई बाईंशी हसून बोलताना दिसल्या की यांच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. शेवटी आपला वारसा केवढा मोठा हे कळावं म्हणून त्यांनी बाईंना खोलीतली स्वतःची फळीच दाखवली. एकेचाळीस डबे, प्रत्येकावर चिठ्ठी: ‘मोहरी, अभय, जालना’, ‘पोहे, आवडाबाई, करमाड’.

“बापू, लई भारी!” मनकर्णाबाई डोळे मोठे करून म्हणाल्या. त्या रात्री मधुसूदनरावांना गाढ झोप लागली.

गुरुवारी सकाळी बाई निघाल्या. मधुसूदनराव दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. बाई डबा घेऊन आल्या, त्यांच्याकडे बघून हसल्या, आणि पुढं जाऊन त्यांनी पाच नंबरची कडी वाजवली.

“मावशी, काकांना द्या की,” रत्नमालाताई म्हणाल्या.

“त्यांला? त्यांच्याकडं तर किराणा दुकान हाय, माय! तिथं अजून ठेवायचं कुठं? तुमच्या घरात तर काहीच नाय.”

मधुसूदनरावांनी दार लावून घेतलं. चिठ्ठ्या उपटून काढाव्यात असं वाटलं, पण डिंक पक्का होता.

संध्याकाळी पाच नंबरच्या आमटीचा वास दाराखालून आत आला. मागोमाग टकटक झाली. “काका, वाटीभर आणलीय. गरम हाय तवर घ्या.”

वाटीतल्या आमटीवर तवंग तरळत होता. मधुसूदनरावांच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तोंड उघडलं ते दुसऱ्याच कामासाठी. “मला पित्त होतं. आणि परक्याच्या मसाल्याची सवय नाही.”

“बरं,” असं म्हणून ताई वाटी घेऊन गेल्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मधुसूदनराव मात्र महिनाभर संध्याकाळी दाराची कडी काढून बसत.

जूनमध्ये ताईंना सरकारी क्वार्टर मिळालं. त्या येसरच्या डब्यासकट गेल्या. पाच नंबरमध्ये आता एक विमा एजंट राहतो. तो खानावळीत जेवतो.