रंगूनच्या फाटकावरचा माणूस

नवऱ्याला नाही, लेकींना नाही, सिद्धनाथापुढे हात जोडतानाही हे तोंडातून निघालं नाही. तुम्हाला सांगते.

लढाई संपली, इंग्रज गेला, ब्रह्मदेशही सुटला, आणि रंगूनला आपली वकिलात बसली. आमचे हे पलटणीतून सुटलेले, तिथं नोकरीला लागले. फाटकावर. साहेबाची मोटार आली की फाटक उघडायचं, गेली की लावायचं. आणि मी वडूजात काय सांगत फिरले? हे साहेबाशेजारी खुर्ची टाकून बसतात! रजेवर आल्यावर त्यांना कुणी कामाचं विचारलं, की मधे मीच बोलायची. अशी मी शहाणी.

अशाच एका रजेत ह्यांनी सांगितलं — वकिलात म्हणजे नुसता झेंडा नि मेजवान्या नव्हे. लढाईत हरवलेल्यांची तिथं चौकशी होते, अडकलेल्यांना घरी धाडतात. म्हणजे मला ठाऊक होतं, बरं का.

ठकू आमच्या शेजारची, मेंढरं राखणारी. नवरा ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता. तिला पाटासाठी म्हसवडचं स्थळ आलं — त्यांच्यात बाई दुसरा घरोबा करते. माणूस भला होता. हे रंगूनला परत गेल्यावर ती माझ्याकडे आली.

"आक्का, तुमच्या मालकास्नी इचारा की. माजा धनी हाय का न्हाई, येवडंच. न्हाई म्हनलं तर मी मोकळी."

किती सोपं होतं! पण मला अक्षर येत नाही; पत्र लिहिणार शाळेतले मास्तर, आलेलं वाचणारही मास्तर. 'मी फाटकावरचा, तरी आत विचारून बघतो' — असं उत्तर चावडीवर गेलं असतं तर?

पत्र लिहवलंच नाही. तिला म्हटलं, "सायबांनी सोता मनावर घेतलंय. शोध चाललाय. घाई करू नगंस."

"व्हय?" तिचा चेहरा असा उजळला — आणि मला काय वाटलं? शरम? छे. मोठेपण!

तिनं स्थळ परत पाठवलं. दर बाजाराला विचारायची, मी काहीतरी ठोकून द्यायची. हे रजेवर घरी आले, की ती ह्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून मीच तिला उंबऱ्याबाहेर गाठायची. पुढं पुढं तिनं विचारणं सोडलं. वाट बघणं नाही सोडलं.

ठकू गेली तेव्हा सवाष्ण म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं. ओटी मी भरली. बायका म्हणाल्या, आक्कानं हिच्यासाठी लय केलं.