पिवळी आधी, मग लाल

"उलटं हाय, बाय. पोतंच्या पोतं उलटं हाय."

सुपरवायझर आमच्या अंगणात उभा राहून ओरडत होता. ओरडत होता म्हणजे किती, तर तिकडं टोलनाक्यावरच्या गाड्या आपल्यालाच कुणी हटकलं म्हणून जागच्या जागी थांबल्या असतील. आमच्या जांभळीवरचे कावळे उडाले ते थेट माथेरानला गेले, अजून परत आलेले नाहीत. टेंपो त्यानं चालूच ठेवला होता. त्यानं आम्हीच भरून दिलेलं पोतं उचललं आणि पडवीवर भडाभडा ओतलं. शेपट्यांसकट उंदरांची पिल्लं ओतावीत, तसा ढीग झाला.

ही पिल्लं म्हणजे कनेक्टर. पांढऱ्या प्लॅस्टिकची, करंगळीच्या नखाएवढी डबी, तिला ओळीनं चार भोकं. पंख्यात, स्पीकरमध्ये, पोरांच्या खेळण्यात, जिथं वायर वायरीला भेटते तिथं ती बसते. आमच्या आळीच्या बायका ती भरतात. खोपोलीच्या एका लहानशा कारखान्यातून टेंपो येतो, डब्या आणि वायरींचे जुडगे टाकतो, भरलेला माल घेऊन जातो. वायरीच्या टोकाला पितळी पिन असते, पिनेला बारीकशी जीभ. पिन भोकात सारायची, जीभ आत अडकली की 'टक' वाजतं. वाजलं की बसली. कारखान्यात त्या डबीला काही इंग्रजी नाव आहे, आम्ही घर म्हणायचो. चार खोल्यांचं घर आळीत एकीचंही नाही, पण दुपारभरात आम्ही अख्खी नवी मुंबई बांधून पोत्यात भरत होतो.

चार खोल्यांत चार रंगांच्या वायरी. डबीच्या एका कडेला खाच असते, तिथून सुरुवात करायची आणि क्रम चुकवायचा नाही. पिवळी, लाल, काळी, हिरवी. सुरुवातीला आमच्या चुका व्हायच्या. मग मीच तोडगा काढला, हळद, कुंकू, काजळ, चुडा. हे सांगितल्यावर डोळे मिटून भरायला लागल्या बायका. एक तर झोपेत घोरत घोरत भरायची, घोरण्याच्या मध्ये टक, घोरण्याच्या मध्ये टक. खोटं वाटत असेल तर तिला विचारा. ती नाही म्हणेल, कारण ती झोपलेली होती.

पडवीच्या खांबाला टेकून माझी चुलत जाऊ बसायची. तिची जागाच ती. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. तेव्हापासून तिचं कुठं जाणं राहिलं नव्हतं. संक्रांतीचं वाण कुणी दिलं नाही, ओटी भरायला कुणी बोलावलं नाही. मुद्दाम कुणी टाळलं असंही नाही, सगळ्यांनी आपापलं विसरल्यासारखं केलं. आमची पडवी तेवढी राहिली होती. इथं ती यायची, माझ्या थापा ऐकायची आणि पदराआड हसायची. कधी पदर बाजूला ठेवूनही हसायची. टेंपोवाल्याला बिबट्यानं लिफ्ट मागितली, ही गोष्ट मी तिच्यासाठी पाच वेगवेगळ्या प्रकारे सांगितली आहे, आणि दर वेळी बिबट्या थोडा मोठा झाला आहे.

हळद-कुंकवाचा तोडगा काढला तेव्हा ती तिथंच होती. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही. ती आमच्याबरोबर भरत राहिली.

तर ते उलटं निघालेलं पोतं. नवा माल आला त्या दुपारी पोत्याची सुतळी तिनंच सोडली. तोंडाला नमुन्याचा एक कनेक्टर बांधलेला होता. तो तिनं उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि मला म्हणाली, "वयनी, ह्यात लाल आधी हाय बघ. मग पिवळी."

मी बघायच्या आत आमच्या चुलत सासूबाई बोलल्या. सगळ्यांत मोठ्या त्या, हात सगळ्यांत चलाख, मान कधी वर करत नाहीत. त्या दिवशीही केली नाही. "कुंकू कंदी हळदीच्या आधी लावत्यात काय गं? आनि कुंकवाचं तू नको सांगू आता आमाला."

टक. टक. टक. कुणाचाही हात थांबला नाही. वटपौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत ज्या बायांची तोंडं बंद होत नाहीत, त्यांतली एकही बोलली नाही. माझी जीभ अशी, की रिकाम्या एसटीतल्या बाकड्यांशीही गप्पा मारेल. पण ती त्या वेळी पिनेच्या जिभेसारखी कुठं तरी आत अडकून बसली.

जावेनं नमुना मांडीवर ठेवला. मग वायरींचा जुडगा ओढला आणि आमच्यासारखीच पिवळी आधी घालायला लागली. पोतं भरेपर्यंत तशीच भरत राहिली. दिवेलागणीला उठली, मांडीवरचे वायरीचे तुकडे झटकले आणि गेली. दुसऱ्या दिवशी खांब रिकामा. तिसऱ्या दिवशीही.

आणि आता हा सुपरवायझर.

"नमुना बदलला तर तोंडानं सांगायचं नाय व्हय रं?" सासूबाईंनी त्याला उलट विचारलं.

"पोत्याच्या तोंडाला बांधून दिला व्हता, आजी. त्याच्यापेक्षा मोटं तोंड कुटलं आनू?"

एरवी यावर पडवी हसून हसून कोसळली असती. सगळ्या खांबाकडं बघत होत्या. सासूबाईही. तो बिचारा एकटाच हसला आणि परवा सुधारलेला माल न्यायला येतो म्हणून टेंपो घेऊन निघून गेला.

सुधारायचं म्हणजे काय, तर दर डबीला जिभेपाशी जी बारीक खिडकी असते तिच्यातून सुई घालायची, जीभ दाबायची, वायर मागं ओढायची, दोन पिना अदलाबदल करून पुन्हा सारायच्या. भरायला पळभर लागतं, काढायला जीव जातो. त्यातून ओढून काढलेली जीभ वाकते. पुन्हा घातली तर 'टक' होतच नाही, नखानं सरळ करावी लागते. काही सरळ होतात. काही सैल राहतात त्या राहतातच.

ढीग अर्धा झाला तेव्हा सासूबाई सुई खाली न ठेवता मला म्हणाल्या, "जा. बोलावून आन तिला."

"तुमीच जा की."

"माज्यानं नाय व्हनार गं." आणि त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली. डोळे सुईनं लाल झाले होते, असं आपण म्हणू.

मी गेले. वाटेत गोष्ट तयार केली, सुपरवायझर ओरडला तेव्हा त्याची कवळी उडून टेंपोत पडली आणि टेंपोनं ती चावली, अशी. जाऊ मागीलदारी तांदूळ निवडत होती. तिनं मला पाट दिला, चहा ठेवला. मी गोष्ट सांगितली. ती हसली. पदराआड नाही, पदराबाहेरही नाही, पाहुण्याच्या गोष्टीला हसतात तशी हसली.

मग मी मुद्द्यावर आले. म्हटलं, "आता आमी तसं म्हनत नाय. टमाटा, लिंबू, वांगं, मिरची. लाल आधी, तू सांगितलंस तसंच. सगळ्या भाजीवाल्या झाल्यात." ती तांदूळ निवडत राहिली. मी म्हटलं, "सासूबाईंनीच धाडलंय मला. खांब तसाच ठेवलाय, कुनाला टेकू दिलं नाय." हे मात्र मी वाढवून सांगितलेलं नव्हतं.

ती सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवत होती.

"उद्या शुक्रवार हाय," मी म्हटलं. आमच्याकडं शुक्रवारी दिवसभर लाईट नसते. नळाची मोटार बंद, टीव्ही बंद, गावातली चक्की बंद. म्हणून त्या दिवशी बाया झाडून सगळ्या पडवीवर येतात. "सगळ्या रिकाम्या असनार. उद्या ये गं."

तिनं सूप पाखडलं, कोंडा उडाला.

"उद्या नाय जमनार, वयनी," ती म्हणाली. "उद्या दळन हाय."