बसप्पाची थांबलेली चढाई

सोलापूरच्या ज्या गिरणीत मी टाइमकीपर होतो, तिचा कबड्डीचा संघ होता आणि त्या संघाचा मॅनेजर मी होतो. मला कबड्डीतलं काय कळत होतं, असं कुणी विचारू नये. ज्याच्याकडे हजेरीचं पुस्तक त्याच्याकडेच संघ, असा न्याय मालकांनी लावला होता. सातही खेळाडू बदली कामगार. सकाळच्या भोंग्याला फाटकाशी उभं राहायचं आणि कुणी कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचं. दिवाळी ते संक्रांत हा खेळाचा हंगाम, तेवढे दिवस यांना रोज काम मिळे. हंगाम संपला की पुन्हा फाटक.

त्र्याहत्तरच्या दिवाळीत मालकांनी सातही जणांना बोलावून घेतलं. संक्रांतीच्या सुमाराला सोलापुरात मोठी स्पर्धा व्हायची होती. तिचा करंडक आणलात तर सगळ्यांना परमनंट करतो, असं त्यांनी माझ्यादेखत सांगितलं. त्या दिवसापासून पोरांची झोप उडाली. माझीही उडाली, कारण हंगाम नसला की रोज सकाळी फाटकावरून त्यांना परत पाठवणारा मीच असे.

बसप्पा हा आमचा चढाईचा गडी. दुधनीचा लिंगायत, घरात कानडी आणि बाहेर मराठी. उंच, काटकुळा, वय एकोणतीस. कबड्डीत हे म्हातारपणच म्हणायचं. सहा वर्षं बदलीवर काढलेली. सूतखात्यात कापसाची धूळ नाकातोंडात जायची, तरी त्याचा दम असा की समोरचा संघ वाट बघून कंटाळायचा. ‘कबड्डी’ हा शब्द तो इतका स्वच्छ म्हणायचा की पंचांना कान लावावा लागत नसे. एरवी बोलायला मात्र महाचिक्कू. बायको नीलम्मा दुधनीला सासू-सासऱ्यांजवळ होती. तिला इकडे कधी आणणार, असं विचारलं की ‘परमनंट झाल्यावर’ एवढंच उत्तर यायचं.

त्याच्या जोडीदाराचं नाव श्रीमंत. सांगोल्याकडचा धनगर, बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली म्हणून शहरात आलेला. पकडीला भक्कम आणि तोंडाला फटकळ. गावाकडं तीन लेकरं. हे दोघं एकाच खोलीत राहत आणि एकाच तव्यावरच्या भाकरी खात. भाकरी श्रीमंत थापायचा, बसप्पा भांडी घासायचा, आणि कोण जास्त राबतो यावरून श्रीमंत एकटाच भांडायचा.

हंगामातला पहिला सामना वैरागला होता. पंचांनी बसप्पाच्या गळ्याकडे बोट दाखवलं. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती, आणि खेळताना अंगावर असं काही चालत नव्हतं. मी त्याला म्हटलं, बाबा, सामना होईपर्यंत माझ्या हातात दे, मी खाली ठेवणार नाही. तो म्हणाला, “अण्णा, अंगावेगळं झालं तर आमच्यात थुंकीबी गिळायची न्हाय. मग कबड्डी कसं म्हनू?”

शेवटी मीच तोड काढली. डबी पिशवीत ठेवायची आणि आतलं लिंग फडक्यात गुंडाळून दंडाला बांधायचं, बनियनच्या बाहीखाली. पंचांनी मान डोलावली. त्या दिवशी मला माझ्या अकलेचा फार अभिमान वाटला. गाठ मी माझ्या हातानं मारली होती, हेही सांगून टाकतो.

वैराग आम्ही जिंकलं. नातेपुत्याला दोन गुणांनी हरलो, तेव्हा मालकांनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं. दुधनीला बसप्पानं एका चढाईत तीन गडी मारले. बायकांच्या घोळक्यात नीलम्मा उभी होती. ती एकदाही हसली नाही, पण सामना संपेपर्यंत जागची हललीही नाही. असं करत करत आम्ही जानेवारीत अंतिम सामन्याला पोचलो. समोर मुंबईचा संघ होता.

शेवटचं मिनिट उरलं आणि गुण सारखे झाले. बसप्पा चढाईला गेला. कोपऱ्यातल्या गड्याला त्यानं शिवलं, शेजारच्यालाही शिवलं आणि वळला. एकानं झेप घालून त्याचा दंड धरला. बसप्पानं हिसडा देऊन हात सोडवला. मध्यरेषा दोन हातांवर होती. सगळं मैदान उभं राहिलं होतं. मी रेषेजवळ होतो, म्हणून मला तेवढं दिसलं. दंडाचं फडकं सुटून मातीत पडलं होतं, त्यांच्या अंगणात.

त्याचा आवाज तिथंच बंद झाला. तो मागे वळला, खाली वाकला, फडक्यावर तळहात ठेवला आणि तसाच पालथा झाला. वरून पाच जण पडले. शिट्टी वाजली. आम्ही एका गुणानं हरलो.

बाकी कुणाला काही कळलं नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की रेषा समोर असताना बसप्पानं दम सोडला आणि माघारी फिरला. तो उठला तेव्हा त्याची मूठ छातीशी होती. श्रीमंतानं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, का थांबलास. श्रीमंतानं पुन्हा विचारलं, शिवी दिली, आणि मग रडायलाच लागला. बसप्पा पाण्याचा थेंबही न घेता लिंगायतांच्या मठाकडे चालू लागला. मी मागोमाग गेलो. वाटेत त्यानं माझ्याकडून शब्द घेतला, की हे कुणाला सांगायचं नाही.

“का रे?” मी विचारलं.

“पोरांस्नी वाटंल, देवानं हरवलं. हरवलं मी.”

मठातल्या स्वामींच्या हातून लिंग पुन्हा धारण करून तो दुसऱ्या दिवशी जेवला. तोवर त्यानं सामना विकला अशी आवई गिरणीभर उठली होती. श्रीमंतानं खोली सोडली. मालकांनी संघच मोडायचा हुकूम काढला. सातही जण फाटकावर येऊन उभे राहू लागले. बसप्पा एका बाजूला आणि सहा जण दुसऱ्या बाजूला. मी रोज सगळ्यांना परत पाठवत होतो.

आमचे लेबर ऑफिसर तसे पोरांच्या बाजूचे होते. त्यांनी मला बोलावून वाट दाखवली. संघ हरला नाही, एकानं हरवला, असं मॅनेजरनं लेखी दिलं, तर संघ राखायचं आणि बाकी सहांना परमनंट करायचं मालकांच्या गळी उतरवता येईल. त्या एकाला अर्थातच काढावं लागेल. मी म्हटलं, विचार करतो. विचार कसला करणार? मी भित्रा माणूस. संध्याकाळी बसप्पाच्या खोलीवर गेलो आणि सगळं त्याच्यापुढे ठेवून मोकळा झालो.

त्यानं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाला, “सा जनांचं हुतंय न्हवं? लिवा की.”

“कारण काय लिहू?”

“कारण लिवू नका.”

पण कारणाशिवायचा कागद साहेब घेणार नाहीत, हे मला नोकरीनं शिकवलेलं. मी लिहिलं, ‘सदर खेळाडू मध्यरेषेजवळ विनाकारण थांबला, त्यामुळे संघाचा पराभव झाला.’ मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यानं ऐकून घेतलं आणि खाली कानडीत सही केली. खाली माझीही सही आहे. मला त्या कागदाची आजही लाज वाटते.

आठव्या दिवशी फाटकावर सहा नावांची यादी लागली. श्रीमंताला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याचं नाव मी बोट ठेवून दाखवलं. तो माझ्या पायाशी वाकला. मग बसप्पाचं नाव आहे का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणून सांगितलं.

“बरं झालं काडला,” श्रीमंत म्हणाला. “त्याच्या पायी आमी सा जन मेलोच हुतो की.”

बसप्पा आमच्या मागेच उभा होता. बदलीचं कार्ड माझ्या हवाली करायला आला होता, दुधनीची गाडी धरायची होती त्याला. त्यानं सगळं ऐकलं. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, तेवढ्यात मी ओळखलं की शब्द पाळायचा आहे. मग तो श्रीमंताला म्हणाला, “फुडच्या हंगामाला डाव्या कोपऱ्यात हुबा ऱ्हा. तुझी पकड तितं लई चांगली बसती.” श्रीमंतानं तोंड फिरवलं.

पुढच्या हंगामात श्रीमंत डाव्या कोपऱ्यात उभा राहिला आणि आम्ही करंडक आणला. बसप्पानं दुधनीच्या बाजारात हमाली केली. नीलम्मा सोलापूरला कधीच आली नाही. गेल्या श्रावणात तो वारला, तेव्हा मी जाऊन आलो. श्रीमंत आला नव्हता. मी त्याला चल म्हटलं होतं, पण त्याला तेव्हाही तो माणूस नको होता.

श्रीमंताला अजून वाचता येत नाही. पण त्याची लेकरं शिकलेली आहेत आणि ती हे त्याला वाचून दाखवतील. बसप्पाला दिलेला शब्द मी एवढ्यासाठी मोडतो आहे.